अर्जदार, सरपंचबाईंचा नवरा

३ मार्च
सकाळचं दूध १८२ लि. काल १९०, परवा २०४. उतरतंच चाललंय. टेम्पो वडवणीच्या शीतकरण केंद्रावर ७.२० ला, परत ९.०५. फौजेत बावीस वर्षं गाडीचं लॉगबुक लिहिलं. आता गाडी गावच्या दूध संस्थेची आणि लॉगबुक माझं. सवय सुटत न्हाई.

पंचायतीच्या दारात ग्रामसेवक भेटले. म्हणाले, हवालदार, माजी सैनिकाला घरपट्टी माफ आहे, तुम्ही कशाला भरता? मी म्हटलं, कधीपासून? ते म्हणाले, झाली काही वर्षं. सैनिक ऑफिसचा दाखला आणा, अर्ज करा, एक राहतं घर माफ. पाणीपट्टी मात्र भरावी लागेल.

रिटायर होऊन चार वर्षं झाली. दर मार्चात पहिली पावती माझी. कुणी सांगितलं न्हाई, मीही विचारलं न्हाई. पैशाचं जाऊ द्या. पण सरकारला आपली आठवण होती आणि आपल्यालाच पत्ता नव्हता, याची मौज वाटली.

५ मार्च
सुटी टाकून बीडला गेलतो. सैनिक ऑफिसात खिडकीपलीकडचा बाबू स्वतः रिटायर्ड सुभेदार. डिस्चार्ज बुक उघडलं, ट्रेड ड्रायव्हरचा बघितला आणि विचारलं, सीमेलगतच्या भागात गाडी कुठं कुठं चालवली? मी दोन घाटांची नावं सांगितली. तो उठून उभा राहिला. त्यातल्या एका घाटात त्याचाही एक हिवाळा गेलेला. मग चहा. मागं रांग, पण रांगेतलेही सगळे आपलेच, तेही ऐकत उभे.

दाखला तासाभरात. त्यावर छापलेलं, "माजी सैनिक". एस.टी.त तीनदा काढून वाचला. जिलेबी घेतली पाव किलो. वडवणी येईपर्यंत कागदाला पाक लागला, थोडासाच.

६ मार्च
जिलेबी खाल्ली, दाखला वाचला आणि मं.नं तो घडी घालून मला परत दिला.

मं. म्हणजे मंदा, माझी बायको, आणि दीड वर्षापासून गावची सरपंच. जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा पुढारी माझ्याकडं आलते. हवालदार, वहिनींची सही घ्या, कारभार तुम्हीच बघा. हिनं आतून सांगितलं, सही बी माझी आन कारभार बी माझा, चहा घेऊन जा. निवडून आली. तेव्हापासून पंचायतीत मी तिला आपण म्हणतो.

तिचं म्हणणं असं. मार्च चालू आहे. वसुलीला ती दारोदार फिरते आहे, कारण वसुली झाली तरच विहिरीवरच्या मोटारीचं बिल जाईल आणि बिल गेलं तरच टँकर येईपर्यंत नळाला पाणी. अशात वहीतल्या पहिल्याच घरापुढं "माफ" लिहिलं तर दुसरं कोण भरणार?

मी म्हटलं, शासनाचा नियम आहे, मी भीक मागत न्हाई.

ती म्हणाली, "नियम बरोबर हाय. तुमचा दाखला बी बरोबर हाय. पन ह्या मार्चात न्हाई."

मी जेवलो, पण कमी जेवलो. तिच्या लक्षात यावं एवढं कमी. आलं न्हाई बहुतेक.

९ मार्च
दूध १७१. फॅट ठीक.

दुपारी चेअरमन अण्णांनी बोलावलं. दूध असंच उतरत गेलं तर पाडव्यानंतर एक माणूस कमी करावा लागंल. कोण, ते सांगायची गरज नव्हती. संस्थेत पगारी आम्ही तिघं. सेक्रेटरी, मी आणि रफिक. रफिक सगळ्यात शेवटी आलेला.

रफिक शेख. नाईक म्हणून रिटायर, तोफखान्यातला. आमच्याकडं फॅटचं मशीन त्याच्या हातात. मशीन बिघडलं तर स्वतःच उघडतो, रुमालावर एकेक स्क्रू ओळीनं मांडून. कुणाचंही दूध असो, अण्णांच्या घरचं का असेना, मशीन दाखवील तो आकडा मोठ्यानं वाचतो. अण्णांच्या म्हशीला एकदा भर सोसायटीत ५.१ वाचलं, म्हशीच्या दुधाला हे कमीच. अण्णा दोन दिवस बोलले न्हाईत त्याच्याशी.

पण अण्णा माणूस वाईट न्हाई. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली आहे. सैनिकाला घरपट्टी माफ, तर सैनिकाला कामावर ठेवणाऱ्याला कावून न्हाई? आपल्याकडं तिघांत दोघं फौजी. डेअरीच्या इमारतीची पट्टी माफ झाली तर तेवढ्यात रफिकचं निभंल. अर्ज तूच लिही, तुझं अक्षर चांगलं हाय.

अर्ज कुणाच्या नावानं? तर मा. सरपंच, ग्रामपंचायत...

११ मार्च
अर्ज घेऊन पंचायतीत. रांगेत उभा राहिलो, माझ्या पुढं चौघं. नंबर आला. सरपंचबाईंनी अर्ज पूर्ण वाचला. चष्मा काढला, परत लावला.

अर्जदार कोण? मी म्हटलं, दूध संस्था. आणणारा? मी. आपण संस्थेत कोण? ड्रायव्हर. मग म्हणाल्या की माफी माजी सैनिकाच्या स्वतःच्या राहत्या घराला आहे, मालकाच्या इमारतीला असा नियम त्यांना ठाऊक न्हाई, तरी १ मेच्या ग्रामसभेपुढं विषय ठेवू. आवक रजिस्टरला नोंद करून घ्या.

शिक्का बसला. मी टाचा जुळवून वळलो. हसू दाबत बाहेर आलो.

घरी आल्यावर ही पदर तोंडावर धरून इतकी हसली की भाकरी करपली. म्हणाली, "दूध संस्था म्हनता म्हनता तुमी सलूटच मारायला निघालतात." सहा तारखेपासूनची धुसफूस तिथंच संपली. करपलेली भाकरी मीच खाल्ली. दुसरी पण.

१५ मार्च
दूध १६६.

दुपारी काम नव्हतं, म्हणून वसुलीला हिच्याबरोबर गेलतो. वही माझ्याकडं, बोलणं तिच्याकडं. खालच्या आळीला गजरामावशीचं घर. एकटी बाई, सत्तरीच्या पुढची. कोंबड्या पाळते. पैसे फडक्यात बांधून तयारच होते.

मावशी पाणी आणायला आत गेली. कोपऱ्यात काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं नंबर, नाव, पलटण. असली ट्रंक मी झोपेत पण ओळखीन. मावशीचा नवरा, भगवानराव, फौजेत होता हे ऐकून होतो. मी लहान असताना तो वारला. पण ही बाई इतकी वर्षं वीट न्‌ वीट धरून पट्टी भरत आली. सैनिकाची विधवा. माफी तिलाही आहे. माझ्या आधी तिला आहे.

हिनं ट्रंकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पैसे घेतले न्हाईत. मावशीला सांगितलं, राहू द्या, महिनाअखेर बघू. मावशी घाबरली. म्हणाली, माझं काय चुकलं का?

वाटेत हिनं माझ्या हातातली वही घेतली, मावशीचं पान काढलं. मग म्हणाली, "हिचं आधी करा."

एवढंच. पण तो आदेश होता.

१७ मार्च
ट्रंक उघडली. मावशीनं किल्ली गळ्यातून काढून दिली. आत एक गरम कोट, एक मग, बुटाचं पॉलिश वाळून दगड झालेलं. डिस्चार्जचं पुस्तक होतं, पण अर्ध्याहून जास्त वाळवीनं खाल्लेलं. नावाचं पान गेलेलं. नंबर ट्रंकेवर आहे म्हणून बरं.

दुसरी अडचण. घर अजून मावशीच्या सासऱ्याच्या नावावर. दुसरा वारस कुणी न्हाई. कुणी कधी बदलून घेतलं न्हाई, कारण मावशीला कुणी कधी विचारलं न्हाई.

हिनं वाटणी केली. घराचं नाव बदलणं तिच्याकडं, दाखला माझ्याकडं. पंचायतीच्या फळ्यावर पंधरा दिवसांची नोटीस आजच लागली. हरकत असल्यास कळवावे. रफिक वाचून म्हणाला, हरकत घेईल फक्त तिची कोंबडी.

२२ मार्च
दूध १५८. अण्णा पाडव्याची तारीख मोजतायत. रफिक फॅटचं मशीन मात्र रोज दोनदा पुसतो.

कारखान्याहून पहिली ट्रॉली आली. ऊसतोडीची माणसं परतायला लागली. चार महिने कुलुपं असलेल्या घरांतून आज धूर. गाव परत गावासारखं दिसतंय. हिचा वसुलीचा उत्साह वाढला, नळाची काळजीही. माणसं दुप्पट झाली, पाणी तेवढंच.

२८ मार्च
हा दिवस नीट लिहायचा.

मावशीला घेऊन बीड. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ते खाल्लेलं पुस्तक. एस.टी.त खिडकी तिला दिली. तिनं विचारलं, साहेबापुढं चप्पल काढायची का? मी म्हटलं, न्हाई मावशी, तिथं खुर्चीवर बसायचं.

सुभेदार तिथंच. मी नंबर लिहून दिला. कॉम्प्युटरमध्ये न्हाई. म्हणाले, जुनं असंल, कार्डांच्या कपाटात बघावं लागंल, बसा. आम्ही बसलो. एक तास. मावशीनं दोनदा विचारलं, न्हाई सापडलं तर घरी जायचं ना लवकर? कोंबड्या कोंडायच्यात.

मग सुभेदार एक पिवळं कार्ड घेऊन आले. भगवानरावांनी फौज सोडल्यावर स्वतः येऊन नोंद केलेली होती. शाईनं, त्यांच्या अक्षरात. नंबर जुळला. खाली कुटुंबाची माहिती. त्यांनी वाचून दाखवलं, पत्नी गजराबाई, आणि पुढं गावाचं नाव.

मावशी म्हणाली, "माजं नाव त्यांनी लिवलं? त्यांच्या हातानं?"

सुभेदार म्हणाले, हो आई.

"कुठं हाय ते दाखवा."

तिला वाचता येत न्हाई. सुभेदारांनी तिचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. ती बोट काढीचना. खोलीत पाच-सहा जण होते, सगळे फौजी, सगळे भिंतीकडं बघत होते. मीसुद्धा. भिंतीवर पंखा होता, बंद.

मग तिनं विचारलं, हे कधी लिवलं आसंल? तारीख बघितली तर लग्नानंतर दुसऱ्या वर्षीची. ती म्हणाली, त्या वक्ताला आमचं भांडण चाललं व्हतं, बोलत नव्हते माज्याशी. आणि लाजली. सत्तरीची बाई, नव्या नवरीसारखी लाजली. तेव्हा कुठं सगळे हसले.

ओळखपत्राचा फोटो काढला, विधवेचा दाखला मिळाला. स्टँडवर उसाचा रस. तिनं दोन ग्लास घेतले आणि पैसे तिनंच दिले, ऐकलं न्हाई. येताना खिडकी मला दिली. तिला बाहेर बघायचं नव्हतं, पिशवी बघायची होती.

३१ मार्च
मार्च एंड. पंचायतीत जत्रा. नोटिशीची मुदत आज संपली, हरकत शून्य, घर गजरामावशीच्या नावावर.

सरपंचबाईंनी गर्दीसमोर वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, की या गावात शासनाच्या नियमानं घरपट्टी माफ झालेलं पहिलं घर शिपाई भगवानरावांच्या पत्नीचं. टाळ्या. मावशी टाळ्या वाजवणाऱ्यांना म्हणत होती, बास, बास.

कुणी तरी मागून विचारलं, आन सरपंचाचं घर? ही थांबली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "उत्तमराव, तुमचा अर्ज कुठं हाय? द्या. आजच घेते."

आता बघा. महिनाभर हिनं न्हाई म्हटलं तेव्हा मला अर्ज द्यायचा होता. आणि ही हो म्हणाली तेव्हा माझ्या खिशात अर्ज न्हाई, पट्टीची रक्कम. मी म्हटलं, ह्या वर्षी भरतो. ती म्हणाली, तुमचा हक्क हाय. मी म्हटलं, हक्क पुढच्या वर्षी पण राहील, मोटारीचं बिल राहणार न्हाई. ती म्हणाली, अर्ज द्या. मी म्हटलं, पावती द्या. ग्रामसेवकाचा पेन दोघांच्या मधे. लोक करमणूक बघतायत.

शेवटी रफिक म्हणाला, साब, भाभी, दोघं घरी जाऊन भांडा, मागं लाईन हाय.

पावती घेतली. पहिली न्हाई, एकसष्टावी. संध्याकाळपर्यंत मोटारीच्या बिलापुरतं जमलं. हिचा आवाज बसला. गरम पाणी करून दिलं, मीठ घालून.

६ एप्रिल
टँकर सुरू. दिवसाआड एक. हिनं आळीवार नंबर लावलेत, स्वतःची आळी शेवटची. घागरी घेऊन शेवटच्या नंबरला मी उभा. फौजेतल्या लंगरची रांग आठवली. तिथं पण हवालदार शेवटीच जेवायचा.

११ एप्रिल
पाडवा झाला. दूध १४९. अण्णांनी रफिकला सांगितलं. मेअखेरपर्यंत काम, मग बघू. सांगताना अण्णा त्याच्याकडं बघत नव्हते, फॅटच्या वहीकडं बघत होते. रफिक म्हणाला, ठीक हाय अण्णा, मशीन कसं उघडायचं ते सेक्रेटरीला शिकवून जातो.

टेम्पोत माझ्या शेजारी बसला. एरवी सगळ्या रस्त्यानं बडबडतो. आज घाट उतरेपर्यंत मागं कॅनकडं बघत बसला. वडवणी जवळ आल्यावर म्हणाला, उस्ताद, कॅनचं झाकण वाजतंय, नीट लावलं न्हाई तुम्ही. खरंच वाजत होतं.

काही तरी केलं पाहिजे, पण काय?

१९ एप्रिल
एक गोष्ट कळली. ट्रॉल्या परतल्या, गावात दुभती जनावरं आहेत, तरी आपलं दूध वाढत कसं न्हाई? आज गाडी हळू चालवली आणि बघितलं. फाट्यावर खासगीवाल्याचा टेम्पो उभा. आपल्या आधी येतो, रोख देतो. बायका कॅन तिथंच रिकामी करतायत. त्यांच्यात कासाबाई पण. यंदा कारखान्याहून ऊसतोड करून परतलेली, दोन म्हशींवाली. मला बघून तिनं पदर पुढं ओढला.

मी थांबलो. विचारलं, फॅट काय लावतो? म्हणाली, तो मशीन दाखवत न्हाई, अंदाजानं सांगतो. मी म्हटलं, एक दिवस थोडं दूध रफिककडं लावून बघ, मग काय करायचं ते कर. आणि निघालो. जास्त बोललो असतो तर विकायला आलोय असं वाटलं असतं.

२१ एप्रिल
कासाबाई आली. बाटलीभर दूध आणलं. रफिकनं लावलं, ७.४. मोठ्यानं वाचलं, नेहमीसारखं. ती म्हणाली, परत लाव. परत ७.४. खासगीवाला तिला सहा धरत होता, म्हणजे लिटरमागं दरही तेवढा कमी.

तिनं बाटली विसळून घेतली. निघताना रफिकला विचारून गेली की सकाळी किती वाजता उघडता.

२६ एप्रिल
दूध १६३. कासाबाई आणि तिच्या शेजारच्या तिघी. अण्णा वही दोनदा वाचतात. मी शेजारी उभा राहून कॅन मोजतो.

ग्रामसभेची दवंडी झाली. विषय नंबर चार, दूध संस्थेचा अर्ज.

१ मे
झेंडा ८ ला. ग्रामसभा शाळेच्या आवारात, लिंबाखाली. गर्दी चांगली. कारण विषय चार.

अण्णांनी अर्ज मांडला. सैनिक देशासाठी झटतो, त्याला काम देणारा पण काही तरी करतोच, वगैरे. मी उभा राहिलो, दोन शब्द रफिकबद्दल बोलायला. सरपंचबाई म्हणाल्या, "उत्तमराव, आपन खाली बसा. या विषयात आपला संबंध येतो." बसलो. बरोबर होतं तिचं. कान मात्र गरम झाले.

कासाबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलत असावी, मोठ्यानं बोलत होती, भांडल्यासारखी. "आमी चार-पाच महिने कारखान्यावर पाचटाच्या कोप्यात ऱ्हातो, घराला कुलूप. तरी पट्टी भरतो. मंग डेअरीला माफी कावून? तिथं बी मोटारीचंच पाणी जातं." बायकांनी माना हलवल्या. अण्णांचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "पन रफिकभाऊ गेला तर मी दूध कुठं घालू, ते बी सांगा. तो मशीनवर हाय तवर माजं दूध इथं. तो गेला की माजं बी गेलं."

अण्णांनी मान वर केली. मग दुसरी बाई म्हणाली, माझं बी. मग तिसरी. मला लॉगबुकची सवय, डोळ्यांनीच मोजलं, चौदा.

रफिक मागं, शाळेच्या भिंतीला टेकून उभा होता. हिनं त्याला विचारलं, रफिकभाऊ, तुमचं काय म्हननं? तो पुढं आला. म्हणाला, "भाभी, मला नोकरी पायजे. खोटं बोलत न्हाई. पन नळाचं पाणी तोडून न्हाई पायजे. एवढंच." आणि परत भिंतीला जाऊन टेकला.

ठरलं ते असं. डेअरीची पट्टी माफ न्हाई. नियम न्हाई, आणि पंचायतीला परवडणार पण न्हाई. पण ठराव झाला, की माजी सैनिकाला काम देणाऱ्या छोट्या संस्थांना शासनानं आपल्याकडून करात काही सवलत द्यावी, पंचायतीच्या पदरातून न्हाई. सूचक म्हणून अण्णांचं नाव. अनुमोदक कासाबाई. अंगठा लावायच्या आधी तिनं विचारलं, ह्यानं माजी पट्टी वाढंल का? न्हाई म्हटल्यावर लावला.

अण्णा खुश. ठरावात नाव छापून येणार. जाताना मला म्हणाले, लेका, तुझी बायको लई कडक हाय बे. मी म्हटलं, मला सांगता?

९ मे
दूध १९७. चौदापैकी अकरा जणी रोज येतात. खासगीवाल्याचा टेम्पो फाट्यावर आता उशिरा येतो. रफिक आकडे वाचतो आणि बायका आपापले आकडे पाठ करत जातात, पोरं पाढे म्हणतात तशा. कुणाचं घसरलं की रांगेतच चर्चा. पेंड बदलली का, पाणी कमी पाजलं का.

चारा मात्र महाग. हे किती दिवस चालेल, ते चाऱ्यावर.

२५ मे
अण्णांनी रफिकला बोलावलं. आम्ही बाहेर, कॅन धुतल्यासारखं करत. बाहेर आला तो हसत होता. पावसाळा संपेपर्यंत काम चालू. पुढचं पुढं. कायम म्हटलेलं न्हाई अण्णांनी. पण मेअखेर गेली.

रफिकनं घरून शीरखुर्मा आणला, ईद नसताना. कासाबाई म्हणाली, ह्यात कुणाचं दूध हाय? तो म्हणाला, तुमचंच, ७.४ चं. मावशीलाही डबा नेऊन दिला. दारावर तिनं पत्र्याची पाटी लावली आहे, वडवणीत रंगवून घेतलेली. शिपाई भगवानराव, आणि खाली, गजराबाई. वर का न्हाई लिहिलं विचारलं तर म्हणाली, त्यांनी पन खालीच लिवलं व्हतं.

२ जून
ठराव घेऊन दोघं बीडला. हिला स्वतः द्यायचा होता. सैनिक ऑफिसच्या साहेबांनी वाचला. म्हणाले, असा ठराव पहिल्यांदाच बघतोय, शिफारस करून वर पाठवतो. ही म्हणाली, वर म्हंजे कुठं? साहेब म्हणाले, मुंबई. तिनं पोच मागितली. शिक्का नीट उमटला न्हाई म्हणून परत मारून घेतला. उत्तर कधी येईल, येईल का न्हाई, ते साहेबांनी सांगितलं न्हाई, आणि हिनं पण ताणून धरलं न्हाई. म्हणाली, मैन्यानं परत येते. साहेब हसले, पण जरा जपूनच.

स्टँडवर भजी. वडवणीची गाडी भरलेली, पण मागची सीट मिळाली. कंडक्टर आला. बायांना अर्धं तिकीट, तसं हिचं अर्धं, माझं पूर्ण. दोन्ही तिकिटं हातात धरून ही बघत बसली.

मग म्हणाली, "पुढच्या मार्चात तुमचा अर्ज मी सोता लिहिणार हाय. तुमी न्हाई म्हनायचं न्हाई."

मी म्हटलं, तवर तुमी सरपंच असाल, तर बघू.

ती म्हणाली, "आसंनच."

मी खिडकीबाहेर बघितलं.  तिकिटं तिनं फाईलमध्ये ठेवली, अर्धं वर, पूर्ण खाली.